साल्वादोरला जायचं, तर वार पाहून

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचं साल्वादोर १५४९ मध्ये पोर्तुगिजांनी वसवलं आणि १७६३ पर्यंत ते ब्राझीलची राजधानी होतं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली लाखो माणसं बाइया प्रांताच्या या बंदरात उतरवली गेली. आज इथला ढोल, नाच, स्वयंपाक आणि देवधर्म यांवर ठसा आहे तो त्यांच्या वंशजांचा. या शहराच्या प्रवासाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या सहलीत रिओनंतर साल्वादोरला दीड दिवस दिला आहे. तेवढा पुरेल का? आणि कोणत्या महिन्यात जावं? (पुणे)

दीड दिवसात इमारती बघून होतील. वरचं शहर आणि खालचं शहर जोडणारी १८७३ ची लासेर्दा लिफ्ट, खाली मर्कादो मोदेलो हा बाजार, वर पेलोरिन्योच्या रंगीत घरांचे चढउतार, दोन-तीन चर्च आणि संध्याकाळी बार्राच्या दीपगृहापाशी सूर्यास्त. फोटो भरपूर मिळतील, पण शहर हाती लागणार नाही. कारण इथे काय घडतं ते वारावर ठरतं, आपल्याकडे सोमवार शंकराचा आणि मंगळवार गणपतीचा असतो तसंच. प्रत्येक ओरिशाचा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या देवतेचा, वार ठरलेला आहे, आणि चर्चमध्ये जाणारी मंडळीही तो पाळतात.

म्हणून किमान पाच रात्री ठेवा आणि त्यांत शुक्रवार, सोमवार, मंगळवार येतील असं बघा. मंगळवारी संध्याकाळी पेलोरिन्योत वर्दळ असते. काळ्या लोकांच्या बंधुसंघाने बांधलेल्या रोझारियो दुस प्रेतुस या निळ्या चर्चमध्ये सहाच्या सुमारास प्रार्थना होते आणि तिला ढोलांची साथ असते. बसायला जागा हवी तर अर्धा तास आधी पोहोचा. शुक्रवार ओशालाचा. त्या दिवशी दुकानदार, बँकेतले कारकून, टॅक्सीवाले असे कितीतरी जण नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत दिसतात. बोंफिमच्या चर्चला जायचं ते याच दिवशी. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून सहल कंपन्या हा दिवस 'मोकळा' सोडतात. खरं तर सोमवारी सकाळी फेदेरासाँव भागातल्या साँव लाझारोच्या चर्चपाशी जावं. तिथे दारात उभ्या भाविकांच्या अंगावरून ओंजळी भरभरून मक्याच्या लाह्या ओततात. ओमोलू हा रोगराईचा आणि ती बरी करण्याचाही देव, आणि लाह्या हा त्याचा नैवेद्य.

आता महिना. एप्रिल ते जुलै पाऊस, त्यातही मे महिना वाईट. ४ डिसेंबरच्या सांता बार्बाराच्या लाल कपड्यांच्या उत्सवापासून कार्निव्हलपर्यंतचा काळ सर्वांत भरगच्च. जानेवारीत बोंफिमच्या चर्चच्या पायऱ्या धुण्याचा सोहळा होतो, तो गुरुवारी. पांढऱ्या घागऱ्यांतल्या बायका सुगंधी पाण्याचे घडे घेऊन सुमारे आठ किलोमीटर चालत जातात. २ फेब्रुवारीला रिओ वर्मेल्योच्या किनाऱ्यावर समुद्रदेवता इयेमांजाला फुलं, अत्तरं आणि आरसे वाहिले जातात, आणि त्या टोपल्या होड्यांतून खोल समुद्रात सोडल्या जातात. कार्निव्हलची तारीख मात्र दरवर्षी हलते. त्याचा शेवटचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो. २०२७ मध्ये योग छान आहे : पायऱ्या धुणं १४ जानेवारीला, इयेमांजा मंगळवारी २ फेब्रुवारीला आणि लगेच ४ तारखेच्या गुरुवारी कार्निव्हल सुरू. मात्र या दिवसांत खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात आणि बरीच हॉटेलं पाच-सात रात्रींचं एकत्र आरक्षणच घेतात. उत्सव हवा पण गर्दी आणि खर्च झेपत नसेल, तर जानेवारीचा मधला पंधरवडा उत्तम.

प्रश्न : आम्ही चौघे शाकाहारी, एक जण अंडंही खात नाही. तिथे उपाशी राहावं लागेल का? (ठाणे)

उपाशी नाही राहणार, पण फसाल, कारण सुकी कोळंबी कुठे लपलेली असेल ते दिसत नाही. बाइयाच्या स्वयंपाकात ती आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणासारखी पायालाच असते.

रस्त्याच्या कडेला पांढरा घेरदार घागरा, डोक्याला फेटा आणि गळ्यात मण्यांच्या माळा घातलेली बाई काचेच्या पेटीमागे बसलेली दिसेल. ही 'बाइयाना'. तिच्या व्यवसायाला ब्राझीलने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली आहे. ती तळते ते अकाराजे म्हणजे सोललेल्या चवळीचा वडा. पिठात चवळी, कांदा आणि मीठ, बस्स. तेल देंदे, म्हणजे आफ्रिकी पामचं न गाळलेलं केशरी तेल. इथपर्यंत सगळं शाकाहारी. मग ती वडा चिरून आत भरते वातापा (पाव, शेंगदाणे, काजू, नारळाचं दूध आणि सुकी कोळंबी), कारुरु (भेंडीची बुळबुळीत भाजी, त्यातही कोळंबी), टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि वर अख्ख्या कोळंब्या. 'सें कामाराँव', म्हणजे 'कोळंबी नको', एवढंच म्हटलंत तर ती वरच्या कोळंब्या काढेल. वातापा आणि कारुरु आत राहतीलच, कारण तिच्या लेखी ती कोळंबी नव्हे. कारुरु बघून 'अरे, ही तर भेंडी' म्हणून बरेच शाकाहारी भारतीय निर्धास्त होतात, तिथेच गफलत होते. तुम्ही नुसता वडा आणि कोशिंबीर मागा. तिखटाची लालभडक चटणीसुद्धा विचारून घ्या, तिच्यातही बहुधा कोळंबी कुटलेली असते. आणि ती 'केंची?' असं विचारेल, ते वडा गरम हवा का म्हणून नव्हे, तिखट हवा का म्हणून. गरम समजून हो म्हणालात तर डोळ्यांतून पाणी येईल. शेजारी केळीच्या पानात वाफवलेलं अबारा असतं, त्याच्या पिठातच बऱ्याचदा कोळंबी असते, तेव्हा ते टाळा.

त्याच पेटीत बोलिन्यो दे एस्तुदांते हा गोड, लांबट तळलेला पदार्थ असतो. साबुदाण्यासारखे कसावाचे दाणे नारळाच्या दुधात फुगवून, खोबरं-साखर घालून तळतात आणि दालचिनी-साखरेत घोळवतात. तो मनसोक्त खा. कसावाच्या पिठाची धिरड्यासारखी टापिओका खोबरं आणि चीज घालून मिळते. समुद्रकिनाऱ्यावर काडीवर भाजलेलं कोआल्यो चीज मिळतं, रंगीबेरंगी खोबऱ्याच्या कोकादा सगळीकडे असतात. जेवायला 'आ किलो' लिहिलेली, ताटाचं वजन करून पैसे घेणारी खाणावळ बघा. शाकाहाऱ्यांची खरी सोय तिथेच होते, कारण भांड्यात काय आहे ते आधी दिसतं. पण उसळीत सुकं मांस किंवा सॉसेज पडलेलं असतं आणि फारोफात, म्हणजे परतलेल्या कसावाच्या पिठात, कधी कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, त्यामुळे चमचा घालून तळ ढवळून पाहा. मातीच्या भांड्यातला मोकेका हा नारळाचं दूध आणि देंदे घातलेला माशाचा रस्सा. काही ठिकाणी तो राजेळीसारख्या मोठ्या केळ्यांचा किंवा पामच्या गाभ्याचा मिळतो. रस्सा माशाच्या पाण्यात तर केला नाही ना, हे विचारायला विसरू नका.

देंदे जड असतं. पहिल्याच संध्याकाळी तीन वडे खाल्लेत तर दुसरी सकाळ हॉटेलातच जाईल. एक खा, वर शहाळं घ्या.

प्रश्न : अकाराजे घरी करता येईल का? देंदे तेल इथे मिळत नाही. (नाशिक)

येईल, आणि चवळी तर आपल्याकडचीच चालते. पांढरी, काळ्या डोळ्याची घ्या, लाल चवळी नको. १५-१६ वड्यांना अर्धा किलो पुरे.

कोरडी चवळी मिक्सरमध्ये दोन-तीनदा क्षणभर फिरवा, दाण्याचे दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत, पीठ नव्हे. भरपूर पाण्यात चार-पाच तास भिजवा. मग हाताने चोळत राहा, सालं वर तरंगतील, ती पाण्याबरोबर ओतून टाका. सहा-सात पाणी लागतात आणि कंटाळा नेमका इथे येतो, पण काळे डोळे राहिले तर पिठात ठिपके दिसतात आणि वडा भरडा लागतो. चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. आता पाणी न घालता वाटा. पातं अगदीच अडलं तर चमचा-दोन चमचे पाणी, त्यावर नाही. पीठ बोटांना किंचित रवाळ लागलं पाहिजे.

यापुढचं काम हाताचं. पातेल्यात पीठ घेऊन लाकडी डावाने एकाच दिशेने दहा-पंधरा मिनिटं फेटा. हवा भरली की पीठ पांढरं पडतं आणि डाव हलका चालतो. वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाहा, तरंगला पाहिजे. एक मोठा कांदा (दीडशे ग्रॅम) बारीक वाटून आणि दीड चहाचा चमचा मीठ तळणीच्या ऐन वेळी घाला. आधी घातलंत तर दोन्हींना पाणी सुटून पीठ सैल पडतं.

कढईत निदान आठ सेंटिमीटर तेल हवं. साल्वादोरच्या बायका तेलात एक सोललेला अख्खा कांदा सोडून ठेवतात, तेल जळू नये म्हणून. तेल १७०-१७५ अंशांवर आलं की मोठ्या चमच्याने पीठ उचलून दुसऱ्या चमच्याने लांबट गोळा सोडा. एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटं.

बिघडतं ते असं. वडा तेलात फुटला तर पिठात पाणी जास्त आहे. फडक्यात बांधून वीस मिनिटं टांगा आणि पुन्हा थोडं फेटा, बेसन घालू नका, त्याने भजी होतात. बाहेर लाल आणि आत कच्चा राहिला तर आच मोठी. वडा दडस आणि चपटा झाला तर फेटणं कमी पडलं. तेलकट झाला तर तेल थंड होतं किंवा एका वेळी जास्त सोडलेत.

तेलाचं म्हणाल तर दुकानातलं पामोलीन म्हणजे देंदे नव्हे. ते गाळताना रंग आणि वास दोन्ही जातात. 'रेड पाम ऑइल' ऑनलाइन मिळालं तर ते निम्मं आणि शेंगदाणा तेल निम्मं घ्या. नाही मिळालं तर नुसतं शेंगदाणा तेल घ्या. वडा उत्तम होतो, फक्त तो साल्वादोरच्या रस्त्यावरचा वास येत नाही. हळद घालून रंग आणायच्या भानगडीत पडू नका.

वातापासाठी पाव किलो शिळा पाव चारशे मिली नारळाच्या दुधात भिजवा. शंभर ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, शंभर ग्रॅम काजू, बोटभर आलं आणि एक कांदा वाटून त्यात मिसळा. तीन मोठे चमचे तेलावर मंद आचेवर, सतत ढवळत, कडा सोडेपर्यंत शिजवा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मासे खाणाऱ्यांनी पन्नास ग्रॅम सोडे तव्यावर खमंग भाजून, कुटून घालावेत. तिथली सुकी कोळंबी धुरावलेली असते, त्यामुळे सोडे भाजल्याशिवाय घालू नका. न खाणाऱ्यांनी मीठ थोडं चढं ठेवावं.

प्रश्न : आमचा मुलगा ढोल-ताशा पथकात आहे. साल्वादोरचे ढोल कुठे ऐकता येतील, शिकता येतील का? (पुणे)

त्याला ते लगेच उमगेल. साम्बा-रेगे या तिथल्या ढोल-पथकांच्या तालाची बांधणी त्याच्या पथकासारखीच आहे : कमरेला लटकवलेले मोठे सुर्दू ढोलाचं काम करतात आणि दोन बारीक, लवचिक काठ्यांनी वाजणारा रेपिके ताशाचं. फरक सुर्दूंत आहे. ते सगळे एक ठोका देत नाहीत, जाडीनुसार वाटून घेतात. एक गट हाक देतो, दुसरा उत्तर, आणि सर्वांत लहान सुर्दू मधल्या जागा भरून नक्षी काढतात. म्हणून ऐकताना पथकाच्या मागे उभं राहावं. पुढे फक्त रेपिके कानावर आदळतो.

ही ताल-पद्धत १९८० च्या दशकात घडली, ओलोदुम या १९७९ च्या पथकात, नेगिन्यो दो साम्बा या तालमास्तराच्या हाताखाली. त्यांनीच १९९३ मध्ये दिदा हे बायकांचं पथक काढलं. दोन्हींचं घर पेलोरिन्योतच आहे, आणि ओलोदुमचे हिरवे, लाल, पिवळे, काळे, पांढरे ढोल ओळखू येतात. या सगळ्यांआधीचं, १९७४ चं इले आइये लिबेर्दादे वस्तीतल्या कुरुझूच्या चढावर आहे. वर्णभेदामुळे ज्यांना गोऱ्यांच्या कार्निव्हल-मंडळांत जागा नव्हती, अशा काळ्या तरुणांनी ते उभं केलं. कार्निव्हलच्या शनिवारी रात्री ते कुरुझूतून निघतं तेव्हा आधी पांढरी कबुतरं सोडतात, मगच पहिला ठोका पडतो.

डिसेंबर-जानेवारीत 'एन्साइयो', म्हणजे कार्निव्हलच्या तालमी, तिकीट लावून होतात. गावात पोहोचल्यावर त्या आठवड्याचं वेळापत्रक पथकाच्या दारावर किंवा इन्स्टाग्रामवर बघा, महिनाभर आधीच्या माहितीवर जाऊ नका. शिकवण्या पेलोरिन्योत तासाच्या हिशेबाने मिळतात. मुलाला सांगा, पहिल्या तासाला रेपिके मागू नको, सुर्दू घे. आणि कानात बोळे घाला, दगडी गल्लीत आवाज दुप्पट होतो.

प्रश्न : तिथे गांधीजींच्या नावाने कार्निव्हलमध्ये मिरवणूक निघते हे खरं का? (वर्धा)

खरं आहे. 'फिल्युस दे गांधी', म्हणजे गांधींची मुलं. गांधीजींची हत्या झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९४९ ला, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी ही मंडळी स्थापली. शांततेचं नाव घेऊन मिरवणूक काढली की पोलिसांचा जाच कमी, हा हिशेबही त्यात होताच. पांढरा अंगरखा, टॉवेलचा शिवलेला फेटा आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. फेटा गांधीजींचा नव्हे, पण हजारो माणसं तो घालून रस्ताभर पसरली की पांढरा पूर आल्यासारखं दिसतं. हवेत लव्हेंडरचं अत्तर फवारत जातात. ताल इजेशा : घाई नसलेला, झुलता. अगोगो नावाच्या जोड-घंटेवर एक खालचा, एक वरचा सूर असा तो चालतो. सत्तरच्या दशकात मंडळ जवळपास मोडलं होतं, तेव्हा गायक जिल्बेर्तो जिल त्यात सामील झाला आणि त्याला पुन्हा उभारी आली.

मिरवणुकीत फक्त पुरुष असतात. रविवार, सोमवार, मंगळवार असे कार्निव्हलचे तीन दिवस ते निघतात. पेलोरिन्योतून निघतानाची तयारी बघायची असेल तर दुपारीच जा. भारतीय आहात असं सांगितलंत तर लोक थांबून बोलतात, पण गांधीजींविषयी प्रश्न विचारतील, तेव्हा तयारीने जा.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना कार्निव्हलला न्यावं का? (कोल्हापूर)

बार्रा ते ओंदिना या समुद्रकाठच्या मार्गावर नको. तिथे 'त्रिओ एलेत्रिको' चालतात, म्हणजे ध्वनिक्षेपकांची भिंत लादलेले ट्रक आणि वर गाणारे कलाकार. दोदो आणि ओस्मार या दोघांनी १९५० मध्ये एका जुन्या फोर्ड गाडीवर ही कल्पना सुरू केली, आता तिचं रूप अजस्र झालं आहे. ट्रकभोवती दोर धरलेला असतो. त्याच्या आत जायला 'आबादा' नावाचा विकत घेतलेला सदरा लागतो. दोराबाहेरची फुकटची गर्दी म्हणजे 'पिपोका', आणि तिथे माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, ढकलला जातो. मंच भाड्याने मिळतात, पण रात्रभर तो आवाज वयस्कर माणसाला सोसत नाही.

त्यांच्यासाठी पेलोरिन्योतला बातातिन्या मार्ग. तिथे ट्रक नाहीत, पायी चालणारे वाद्यवृंद असतात, मुखवटे घातलेली मुलं असतात, आणि कंटाळा आला तर कॉफी घेऊन बसता येतं. फक्त रस्ते गोट्यांचे आणि चढाचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी आणि रबरी तळाचे बूट घालावेत.

प्रश्न : कापोएरा, म्हणजे नाचासारखा दिसणारा लढाईचा खेळ, बघायला कुठे जावं? त्याच्या साथीचं धनुष्यासारखं एकतारी वाद्य, बेरिम्बाऊ, विकत आणायचा आहे. (मुंबई)

तेरेइरो दे जेझुस चौकात दुपारी पर्यटकांसाठी उड्या मारतात. फोटो काढलात की टोपी पुढे येते, तेव्हा सुटे पैसे ठेवा. खरी रोदा, म्हणजे कापोएराचं रिंगण, बघायची तर सांतो आंतोनियो आलें दो कार्मोच्या किल्ल्यात जा. तिथे कापोएराच्या शाळा आहेत. १८९० च्या दंडसंहितेत हा खेळ गुन्हा होता. पुढे मेस्त्रे बिंबाने तीसच्या दशकात त्याची जलद, शिस्तबद्ध 'रेजिओनाल' शैली उभी केली आणि मेस्त्रे पास्तिन्याने १९४१ मध्ये जुन्या, संथ, जमिनीलगतच्या 'अंगोला' शैलीची शाळा काढली. अंगोलाची रोदा बघताना घाई करू नका, वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग एक लाथ येते. रिंगणातून आडवं जायचं नाही. बसायला सांगितलं तर बसून टाळ्या द्यायच्या. आत शिरायचं असेल तर बेरिम्बाऊच्या पायाशी उकिडवं बसून परवानगीची वाट पाहायची.

बेरिम्बाऊ घेताना बाजारातले रंगवलेले, फुलापानांचे टाळा, ते भिंतीवर टांगायचे. न रंगवलेला, बिरिबा लाकडाचा घ्या. दांडा उभा धरून डोळ्याने बघा, सरळ हवा, आणि वाकवून सोडल्यावर परत यायला हवा. भोपळा पातळ आणि कोरडा पाहिजे, बोटाने वाजवला की टणटणीत. जाड भोपळ्याचा आवाज बसका येतो. तारेवर काठी मारताना दगड हलकेच टेकवला की किरकिर, घट्ट दाबला की वरचा स्वर आणि न टेकवता खालचा. असे तीन वेगवेगळे नाद निघाले तरच पैसे द्या. आणताना तार उतरवून गुंडाळा, नाहीतर हवेच्या बदलाने दांडा कायमचा वाकतो. भोपळ्यात मोजे कोंबून तो हातातल्या पिशवीत ठेवा. दीड मीटरचा दांडा मात्र सामानातच द्यावा लागतो, त्यामुळे जाड पुठ्ठ्याची नळी दुकानदाराकडूनच मागून घ्या.

प्रश्न : कांदोम्ब्लेच्या, म्हणजे ओरिशांना पुजणाऱ्या धर्माच्या, पूजेला बाहेरच्यांना जाता येतं का? (सातारा)

जाता येतं, सार्वजनिक उत्सवाच्या रात्री. प्रवेश फुकट असतो. हॉटेलातला दलाल 'शो'चं तिकीट विकत असेल तर ती पूजा नव्हे. काझा ब्रांका हे जुनं तेरेइरो, म्हणजे देवस्थान, १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत आलं, या धर्माचं ते पहिलंच. गांतोइस आणि १९१० चं ओपो आफोंजा हीसुद्धा नावाजलेली. उत्सव कधी आहे ते फोनवर विचारा. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत बरीच देवस्थानं बंद असतात.

पांढरे किंवा फिके कपडे घाला, काळे अजिबात नकोत. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे नकोत. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. फोन बंद, फोटोचं नाव काढू नका. रुम, रुंपी आणि ले हे तीन ढोल प्रत्येक ओरिशाला त्याच्या ठरलेल्या तालाने बोलावतात, आणि नाचणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगात येतं. अंगात येणं आपल्याला नवं नाही, तेव्हा टाळ्या किंवा कुजबुज करू नये हे वेगळं सांगायला नको. तीन-चार तास चालतं. शेवटी जेवण वाटतात ते घ्या, न खाण्याचं कारण असेल तर हात जोडून नम्रपणे सांगा. परतीची गाडी आधीच ठरवा, रात्री त्या वस्त्यांत ॲपची टॅक्सी सहज मिळत नाही.

प्रश्न : चोऱ्या फार होतात म्हणतात. (नागपूर)

होतात, मुख्यतः फोनच्या. पेलोरिन्योचे मुख्य चौक दिवसा पोलिसांच्या नजरेत असतात. अंधार पडल्यावर सुनसान गल्ल्या नकोत, आणि वरच्या-खालच्या शहरामधल्या उतारांवरून कधीच पायी जाऊ नका, लिफ्ट घ्या. दागिने घरी ठेवा, मंगळसूत्रसुद्धा.

चोरीपेक्षा ठकवणं जास्त. कुणीतरी 'भेट' म्हणून मनगटाला बोंफिमची रिबीन बांधतो आणि मग माळा गळ्यात मारतो. कुणी हातावर पांढरी नक्षी काढायला लागतो आणि संपल्यावर भाव सांगतो. हात मागे घ्या, 'नाँव, ओब्रिगादो' म्हणा, बाईने म्हणायचं तर 'ओब्रिगादा', आणि चालत राहा. रिबीन हवीच असेल तर बोंफिमच्या चर्चबाहेर जुडीने स्वस्त मिळते. मूळची लांबी ४७ सेंटिमीटर, चर्चमधल्या मूर्तीच्या उजव्या हाताएवढी. दुसऱ्याकडून तीन गाठी मारून घ्यायच्या, प्रत्येक गाठीला एक इच्छा, आणि ती आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही. आताच्या रिबिनी पॉलिएस्टरच्या, म्हणून दीड-दोन वर्षंही टिकतात. घाई असलेल्यांनी चर्चच्या कुंपणाला बांधावी.

आणखी एक. सोन्याच्या मुलाम्याने झळाळणाऱ्या साँव फ्रांसिस्को चर्चच्या छताचा भाग ५ फेब्रुवारी २०२५ रोजी कोसळला आणि एका पर्यटकाचा जीव गेला. ते पाहायचं ठरवलं असेल तर उघडलं आहे का याची खात्री करूनच जा.

प्रश्न : गोव्याशी काही नातं? (मडगाव)

झाडांचं तर नक्कीच. फणस आणि आंबा पोर्तुगिजांनी भारतातून तिकडे नेले, काजू तिथून गोव्यात आला. बाइयात फणसाला जाका म्हणतात आणि रस्त्यावर गरे विकतात. गोव्याला जाणारी-येणारी जहाजं साल्वादोरला थांबत. चर्चांच्या दर्शनी भिंती बघून तुम्हाला जुन्या गोव्याची आठवण होईल, पण आतली प्रार्थना ऐकलीत की वेगळेपण कळेल.

प्रश्न : व्हिसा, लस, पैसे, वीज यांची थोडक्यात माहिती द्याल का? (छत्रपती संभाजीनगर)

भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागतो. भारतातून थेट विमान नाही, साओ पावलो किंवा लिस्बनमार्गे जा. लिस्बनहून साल्वादोरला थेट विमान आहे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. वीज बहुतेक ठिकाणी १२७ व्होल्टची, त्यामुळे इथली इलेक्ट्रिक किटली तिथे कोमट पाणीच देईल. मोबाइलचा चार्जर चालतो, त्याच्या बारीक दोन पिनांचा प्लग तिथल्या खोबणीत बसतो, तीन पिनांचा जाडा प्लग बसत नाही. स्थानिक लोक सगळीकडे 'पिक्स'ने पैसे देतात, पण त्याला ब्राझीलचं खातं लागतं. तुम्ही कार्ड ठेवा आणि बाइयानासाठी रेआलच्या सुट्या नोटा.

सर्वांत महत्त्वाची पीतज्वराची लस. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, पुढे ते आयुष्यभर चालतं. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात आणि नंबर लागतो, त्यामुळे निघण्याच्या महिनाभर आधी नोंदणी करा. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत टाकून विमानात चढवू नका, कारण मुंबईत ती सामानाच्या पट्ट्यापर्यंत पोहोचायच्या आधीच मागतात.